बंडी फुगते कधी, आणि खर्च किती?

पट्ट्याच्या एअरबॅग बंडीत चालक दुचाकीवरून फेकला गेला की बंडीला दुचाकीशी जोडणारा पट्टा ताणला जातो, सिलिंडरला छिद्र पडतं आणि कार्बन डायऑक्साइड पिशवीत भरतो. पण मागून धडक बसली, तर चालक सीटवरून सुटेपर्यंत पट्टा काहीच करत नाही. म्हणून मला सेन्सरवर चालणारी इलेक्ट्रॉनिक बंडी सरस वाटते. दाइनेसे कंपनीच्या बंडीतले 7 सेन्सर सेकंदाला 1,000 वेळा हालचाल तपासतात. बॅटरी उतरण्याची भीती रास्त आहे, तरी चार्जिंगची सवय लावता येते. खरा प्रश्न पैशांचा. अमेरिकेत 2021 मध्ये क्लिम कंपनीची एआय-1 बंडी 400 डॉलरला आली, पण तिला फुगवणारा संगणक चालू ठेवायला तेव्हा वर्षाला 120 डॉलर वर्गणी किंवा एकरकमी आणखी 400 डॉलर लागत. वर्गणी थकल्यावर जीवरक्षक साधन बंद पडावं, हे मला अजिबात पटत नाही; म्हणून एकरकमी पैसे भरूनच घ्यावी.