आहाराच्या तासाला खोटे उत्तर

मी बी.एड. महाविद्यालयात शिकवतो. पाठनिरीक्षणासाठी नववीच्या वर्गात बसलो, की ‘समतोल आहारा’चा पाठ हमखास येतो. ‘काल काय खाल्ले?’ वस्तीतली पोरे लिहितात, ‘वरण-भात, दूध.’ मीही तेच लिहीत असे. घरी भाकरी आणि रक्ती असे. ही लाज पाठ्यपुस्तकाने शिकवली आहे.

वास्तविक रक्तातले, काळजातले लोह शरीर सहज शोषते. तांदुळजा-बाजरीतले तितके शोषले जात नाही. त्यासाठी सोबत लिंबू हवे आणि जेवणावरचा चहा टाळायला हवा. वर्गात सांगण्यासारखे हे आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये (२०१५) हा स्वयंपाक पाककृतींसह नोंदवला आहे. त्यातली एक पाककृती टाचणात घ्या, असे मी सांगितले. टाचण आले; रक्तीच्या जागी पालक-पनीर होते.