दहा मजली सरकारी शाळा, वर जायला सरकते जिने! हे कुठे आणि का?

शहरात जागाच उरली नाही, तर नवी शाळा उंच न्यावी लागते. न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कूलचं तेच झालं. त्यांची जुनी इमारत १९०७ ची, पाच मजली आणि अपुरी. नव्या इमारतीसाठी मिळाली जेमतेम दीड एकर जागा, तीही हडसन नदीत भराव टाकून वसवलेल्या बॅटरी पार्क सिटीत.

दहा मजल्यांच्या शाळेत खरी कसोटी असते ती तास संपल्यावर. तीनेक हजार मुलं एकाच वेळी वर-खाली निघतात. एवढ्या मुलांना लिफ्ट कशी पुरणार? म्हणून इथे एका दमात दोन मजले चढणारे सरकते जिने बसवले. (बंद पडले की पाय आहेतच!) व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलावही इमारतीच्या आतच. समोरच्या वेस्ट स्ट्रीटवर गाड्यांची सतत वर्दळ, त्यामुळे तिच्यावरून पादचारी पूल थेट शाळेत आणला.

सर्वांत स्वस्त ठेकेदारच निवडायचं बंधन नव्हतं. काम भराभर झालं, खर्च मात्र वाढला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीला सुमारे १५ कोटी डॉलर लागले. शाळा जनतेच्या पैशातून उभी राहिली, पण प्रवेश फक्त परीक्षेतून. आणि त्याच काळात शहरातल्या अनेक सरकारी शाळांचे वर्ग तुडुंब भरलेले होते.