वेग हवा? आधी ब्रेक शिका!

रायपूरचा तात्यापारा चौक. इथून शारदा चौकाकडे जाणारा रस्ता इतका अरुंद, की त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न कित्येक वर्षे गाजत आला. संध्याकाळच्या गर्दीत स्कूटरपेक्षा पायी जाणारा लवकर पोहोचावा! पण अशाच एखाद्या वस्तीतल्या घरात, संगणकासमोर स्टिअरिंग धरून बसलेला मुलगा पडद्यावर ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने गाडी पळवत असतो. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, किती वेळ तेच तेच?" चिरंजीव मात्र वैतागलेले. कितीही जोर लावला तरी फेरीची वेळ काही कमी होत नाही!

असे का होते? या खेळांत खऱ्या गाडीचे वजन आणि टायरची पकड गणिताने मांडलेली असते. ही पकड घरातल्या पगारासारखी ठरावीक असते. ब्रेक, वळण आणि वेगवाढ हे तिन्ही खर्च त्यातूनच भागवायचे. वळणातच जोरात ब्रेक दाबला, की पगार संपला आणि गाडी घसरली! म्हणून मुख्य ब्रेक सरळ रस्त्यावरच लावावा आणि स्टिअरिंग वळवत जाताना तो हळूहळू सोडावा. वळणात बाहेरच्या कडेने शिरावे, आतल्या कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा बाहेर यावे. स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर वाढवावा. नजर बॉनेटवर नको, पुढच्या वळणावर हवी.

लांब सरळ रस्त्याआधीचे वळण सर्वांत मोलाचे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिथे तिसऱ्या वळणानंतर सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा लागतो. त्या वळणात घाईने शिरून बाहेर पडताना गाडी मंदावली, तर तो तोटा पूर्ण पट्टाभर सोसावा लागतो.

सरावालाही शिस्त हवी. एकच गाडी, एकच मार्ग निवडावा. आधी न घसरता सलग दहा फेऱ्या पूर्ण कराव्यात, मग वेळ पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका वळणाचा ब्रेक थोडा उशिरा लावून पाहावा, फायदा झाला तर ठेवावा, नाहीतर सोडून द्यावा.

ही मेहनत अगदीच वाया जाते असे नाही. ब्रिटनचा जान मार्डनबरो २०११ साली 'ग्रान टुरिस्मो' या खेळावर आधारित स्पर्धा जिंकून खऱ्या शर्यतींत उतरला आणि २०१३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला.

पण पालकहो, खरी जोखीम पुढेच आहे. हाच मुलगा उद्या मोटारसायकल मागणार. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते, हा नियम पडद्यावर आणि रस्त्यावर सारखाच. फरक एवढाच, की खेळात धडक झाली तर बटण दाबून नवी फेरी सुरू करता येते, तात्यापाऱ्याच्या रस्त्यावर तसे बटण नाही. म्हणून त्याला "किती वेगाने गेलास?" असे विचारू नका. शेजारी बसा आणि विचारा, "ब्रेक कुठे लावलास?" या प्रश्नाचे नीट उत्तर देणारा मुलगा खेळातही पुढे जाईल आणि रस्त्यावरून सुखरूप घरी येईल.