गणक, इंजिनिअर आणि पगाराची पायरी

संगणक म्हटला कीं आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें यंत्र उभें राहतें. परंतु ‘कॉम्प्यूटर’ हा इंग्रजी शब्द पूर्वीं यंत्राचा नव्हता. आंकडेमोड करून पोट भरणाऱ्या माणसास तो लावीत असत. आपल्या भाषेंत ह्या अर्थाचा गणक हा जुना शब्द आहे, मात्र तो पुढें ज्योतिषीबुवांच्या वांट्यास गेला. अमेरिकेंत विमानविद्येच्या कामांत गणकाचा धंदा बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं होता. एकाच खोलींत, एकाच गणितावर, सारख्याच पदवीचीं माणसें खपत. परंतु त्यांतील कोणास इंजिनिअर म्हणावयाचें आणि कोणास गणक, ह्यावर त्यांचा पगार ठरे. हें कसें घडलें आणि पुढें कसें पालटलें, तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एडिथ क्लार्क ह्या बाईंपासून आरंभ करणें सोयीचें होईल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या नामांकित संस्थेंतून विद्युत् इंजिनिअरिंगची एम्.एस्. पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत, साल १९१९. पदवी हातीं आली, पण इंजिनिअर म्हणून त्यांस कोणी जागा देईना. अखेर जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें त्यांस ठेवून घेतलें, तें टर्बाईन खात्यांतील गणक मुलींवर देखरेख करावयास. विजेच्या लांब पल्ल्याच्या तारांसंबंधींचीं किचकट समीकरणें झटपट सुटावींत म्हणून ह्या बाईंनीं आलेखाच्या साह्यानें गणित करण्याचें एक साधन शोधून काढलें आणि १९२१ सालीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्याच वर्षीं त्या नोकरी सोडून तुर्कस्तानांत स्त्रियांच्या एका कॉलेजांत शिकवावयास निघून गेल्या. १९२२ सालीं परत आल्या तेव्हां मात्र त्याच कंपनीनें त्यांस इंजिनिअरची जागा दिली. मधल्या एका वर्षांत क्लार्कबाईंच्या विजेच्या ज्ञानांत असा कोणता मोठा फरक पडला असेल, हें आम्हांस तरी उमगत नाहीं.

एका व्यक्तीपेक्षां एका मोठ्या कचेरीचें उदाहरण अधिक बोलकें ठरेल. व्हर्जिनिया संस्थानांत हॅम्प्टन शहरीं लँग्ली नांवाची अमेरिकन सरकारची विमानविद्येची प्रयोगशाळा आहे. ती चालविणारें मंडळ एन्.ए.सी.ए. ह्या आद्याक्षरांनीं ओळखलें जाई. १९५८ सालीं त्याचेंच ‘नासा’ झालें. येथें विमानाचा लहान नमुना वाऱ्याच्या बोगद्यांत बसवून त्यावर जोराचा वारा सोडीत. नमुन्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणीं दाब किती पडतो तें नळ्यांतील द्रवाच्या उंचीवरून कळे, आणि त्या नळ्यांचीं छायाचित्रें घेत. एकेका प्रयोगांतून अशा आंकड्यांचा ढीग निघे. ते आंकडे छायाचित्रांवरून वाचावयाचे, सूत्रांत घालावयाचे, स्लाईड रूल आणि बेरीज-गुणाकाराचें टेबलावरील यंत्र ह्यांच्या मदतीनें उत्तरें काढावयाचीं आणि आलेख तयार करावयाचे, हें सारें पूर्वीं इंजिनिअर स्वतःच करीत. १९३५ सालीं पांच स्त्रियांची एक तुकडी ह्या कामावर नेमण्यांत आली. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं, स्त्रिया हें काम आमच्यापेक्षां लौकर आणि बिनचूक करतात असें इंजिनिअर स्वतःच कबूल करतात, अशी नोंद १९४२ च्या एका सरकारी टिपणांत सांपडते.

वाचकांस वाटेल कीं, काम अधिक चांगलें, तेव्हां दामहि तसेंच मिळत असेल. तसें नव्हतें. अमेरिकन सरकारी नोकऱ्यांची वर्गवारी १९२३ च्या कायद्यानें ठरली होती. तींत ‘प्रोफेशनल’ आणि ‘सब्-प्रोफेशनल’ असे दोन निराळे वर्ग होते. पहिल्यांत शास्त्रज्ञ व इंजिनिअर, दुसऱ्यांत त्यांचे मदतनीस. गणित विषय घेऊन पदवीधर झालेला तरुण लँग्लीस आला म्हणजे बहुधा पहिल्या वर्गाच्या तळच्या पायरीवर चढे. तीच पदवी घेतलेली तरुणी दुसऱ्या वर्गांत बसे. दोन वर्गांचे पगार निराळे, बढतीच्या वाटाहि निराळ्या. ह्यांत कोणी कोणाच्या पगारांतून उघडपणें पैसे कापले नाहींत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नेमणुकीच्या दिवशीं कागदावर जो शब्द पडला, त्यानेंच पुढील वीस वर्षांचा हिशेब होऊन गेला.

आतां वर्णाची गोष्ट. १९४१ सालीं कामगारपुढारी ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनीं राजधानीवर मोठा मोर्चा नेण्याचा इशारा दिला. त्यावरून अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं २५ जून रोजीं हुकूम काढून संरक्षणसाहित्याच्या कारखान्यांत व सरकारी खात्यांत वर्णभेदानें नोकरी नाकारण्यास बंदी केली. युद्धामुळें माणसांची निकड होतीच. १९४३ सालीं लँग्लीनें कृष्णवर्णी पदवीधर स्त्रियांस गणक म्हणून घेण्यास प्रारंभ केला. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या डोरोथी व्हॉन ह्या फार्मव्हिल गांवच्या शाळेंत गणित शिकवीत. शिक्षिकेचा त्यांचा वर्षाचा पगार ८५० डॉलर. लँग्लीनें देऊं केले २,००० डॉलर. मुलेंबाळें मागें ठेवून ही बाई का निघाली, हें ह्या दोन आंकड्यांवरून स्पष्ट होतें. त्या काळीं त्या प्रांतांत कृष्णवर्णी शिक्षकांस गोऱ्या शिक्षकांहून कमी पगार देण्याची रीत होती. हॅम्प्टनसमोर खाडीपलीकडे असलेल्या नॉरफोक शहरांतील शिक्षक मेल्विन ऑल्स्टन ह्यांनीं त्याविरुद्ध फिर्याद केली, आणि ही रीत घटनाबाह्य आहे असा निकाल १९४० सालीं मिळविला. तेव्हां गणकाची जागा इंजिनिअरच्या तुलनेनें कितीहि खालची असली, तरी फळ्यापुढें उभें राहून आलेल्या बाईस ती उन्नतीच होती. एकच पगार वरून पाहणाऱ्यास तोकडा आणि खालून पाहणाऱ्यास भरघोस दिसतो, तो असा.

ह्या स्त्रियांची तुकडी निराळी, प्रयोगशाळेच्या पश्चिम भागांत बसे. त्यांचीं स्वच्छतागृहें निराळीं, आणि भोजनगृहांत ‘कृष्णवर्णी गणक’ अशी पाटी ठेवलेलें मेजहि निराळें. मिरियम मॅन नांवाच्या बाई ती पाटी उचलून आपल्या पिशवींत टाकीत. दुसरी ठेवली जाई. तीहि त्या नेत. अखेरीस पाटी येण्याचीच बंद झाली.

पण पाटी पिशवींत घालतां येते, तशी पगाराची श्रेणी येत नाहीं. लँग्लींत किटी जॉयनर ही गौरवर्णी स्त्री १९३९ सालींच इंजिनिअर झाली होती. कृष्णवर्णी स्त्रियांपैकीं त्या पायरीस पहिल्यानें पोंचल्या त्या मेरी जॅक्सन, आणि तें वर्ष १९५८. मधलीं एकोणीस वर्षें निव्वळ वर्णाचीं समजावींत काय? सर्वस्वीं नव्हे, पण बरींचशी. जॅक्सनबाई हॅम्प्टन इन्स्टिट्यूटच्या गणित व पदार्थविज्ञानाच्या पदवीधर. १९५१ सालीं त्या गणक म्हणून आल्या व दोन वर्षांनीं काझिमियेर्झ चार्नेत्स्की ह्या इंजिनिअरच्या हाताखालीं ध्वनीहून अधिक वेगाच्या वाऱ्याच्या बोगद्यावर काम करूं लागल्या. त्यांनींच ह्यांस इंजिनिअर होण्याचा आग्रह केला. त्यासाठीं लागणारे गणिताचे वरचे वर्ग रात्रीं गोऱ्यांच्या हायस्कुलांत भरत. तेथें बसावयास मिळावें म्हणून जॅक्सनबाईंस शहराकडून खास परवानगी मागावी लागली. ती मिळाली, आणि वर्ग पुरे झाले.

इतक्यांत यंत्रें आलीं. डोरोथी व्हॉन १९४९ पासून पश्चिम तुकडीच्या प्रमुख होत्या, पण १९५८ सालीं ती तुकडीच मोडण्यांत आली. व्हॉनबाई रडत बसल्या नाहींत. फोर्ट्रान ही संगणकाची भाषा त्या शिकल्या व इतरांस शिकविली. तरीहि प्रमुखाची जागा त्यांस पुनः मिळाली नाहीं. १९७१ सालीं त्या तशाच निवृत्त झाल्या.

यंत्रास सूचना लिहून देणें हें नवें काम आरंभीं बायकांस योग्य असें मानीत. १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनिॲक यंत्रास कामास लावणाऱ्या सहाहि जणी स्त्रियाच होत्या. परंतु त्या कामाची प्रतिष्ठा व मोबदला जसजसा वाढला, तसतसे पुरुष त्यांत भरूं लागले. अमेरिकेंत संगणकशास्त्राच्या पदव्या घेणाऱ्यांत स्त्रिया १९८४ च्या सुमारास शेंकडा ३७ होत्या; २०१० च्या सुमारास त्या १८ वर आल्या. ह्याच्या उलट दिशेचा पुरावा तीन समाजशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं मांडला. १९५० ते २००० पर्यंतच्या अमेरिकन जनगणना तपासून त्यांनीं दाखविलें कीं, एकाद्या धंद्यांत स्त्रियांचें प्रमाण वाढलें म्हणजे पुढें त्या धंद्याचा पगार खालावण्याकडे कल असतो. शिक्षण तेंच धरलें तरी हा कल जात नाहीं.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. समान कामास समान वेतनाचा कायदा १९६३ सालीं झाला. पण प्रोफेशनल वर्गास त्यांतून वगळलें होतें, तें १९७२ पर्यंत. म्हणजे इंजिनिअर स्त्रीला पहिलीं नऊ वर्षें त्याचा उपयोग शून्य! नोकरींतील भेदाविरुद्धचा १९६४ चा कायदाहि मध्यवर्ती सरकारच्या नोकरांस १९७२ सालींच लागू झाला. क्रिस्टीन डार्डन ह्या एम्.एस्. झालेल्या कृष्णवर्णी बाई १९६७ सालीं लँग्लींत आल्या आणि गणकांच्या खोलींत बसविल्या गेल्या. माझ्यासारखेंच शिक्षण झालेले पुरुष इंजिनिअर आणि मी येथें, हें कां, असा प्रश्न त्यांनीं वरिष्ठांस विचारला. त्यांची बदली इंजिनिअरांत झाली. ध्वनीहून वेगवान विमानाच्या गडगडाटासंबंधीं पुढें त्यांनीं मोठें संशोधन केलें, व १९८३ सालीं डॉक्टरेट मिळविली.

आजचें मान पहावें तर वॉशिंग्टनच्या प्यू रिसर्च सेंटरनें २०२१ सालीं काढलेल्या अहवालांत अमेरिकेंतील इंजिनिअरिंगच्या नोकऱ्यांत स्त्रिया शेंकडा १५ आढळतात. १९९० सालीं त्या १२ होत्या. कृष्णवर्णी लोक सर्व नोकरदारांत शेंकडा ११, पण इंजिनिअरिंगमध्यें ५. विज्ञान व तंत्र ह्यांच्या सर्व धंद्यांत मिळून, मधल्या पगाराचा पुरुष १०० डॉलर मिळवी तेथें मधल्या पगाराची स्त्री ७४ मिळवी.

मेरी जॅक्सन ह्यांचें नांव नासाच्या मुख्य कचेरीच्या इमारतीस २०२१ सालीं समारंभपूर्वक देण्यांत आलें. त्यांच्या नोकरीचा शेवटचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. इंजिनिअरिंगमध्यें वरची बढती मिळेना, तेव्हां १९७९ सालीं त्यांनीं आपली श्रेणी आपण होऊन उतरवून घेतली, आणि लँग्लींतील स्त्रियांच्या नेमणुका व बढत्या पाहणारी जागा पत्करली. येथील स्त्रिया मागें कां राहतात ह्याचा शोध घेतां त्यांस आढळलें कीं, कित्येकींचें अडलें होतें तें एकादोन विषयांच्या अभ्यासक्रमांवांचून. कोणता विषय घेतला असतां कोणती पायरी चढतां येईल, हें १९८५ सालीं निवृत्त होईपर्यंत त्या एकेकीस बसवून सांगत असत.