खरखरीच्या पुरातून

कोरी टेप लावली तरी ती गप्प बसत नाही. तिच्यावरचे चुंबकीय कण कुठल्याच शिस्तीत नसतात, आणि त्या बेशिस्तीचा आवाज म्हणजे अखंड चालणारी ‘स्स्स’. घरगुती कॅसेटची फीत 3.81 मिलीमीटर रुंद, सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकणारी. तिच्यावर मावणारा सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांच्यात साधारण 50 डेसिबलचं अंतर. मोठ्या ऑर्केस्ट्राचा पल्ला मात्र 80 डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे हळुवार जागा खरखरीत बुडणार. आणि बुडाल्या की गेल्या, कारण मिसळलेल्या आवाजातलं सतारीचं किती आणि टेपचं किती, हे कॅसेटच्या काळातल्या कुठल्याही सर्किटला सांगता येत नव्हतं.

तेव्हा जे करायचं ते टेपवर जाण्याआधीच. पुराच्या पाण्यातून वाट काढताना उंच माणसं पायी चालतात, पोरांना खांद्यावर घेतात आणि पलीकडे गेल्यावर खाली उतरवतात. ध्वनिमुद्रणात हेच करता येतं. हळू आवाज आधी उचलायचे, टेप ओलांडायची, मग वाजवताना तितकेच खाली आणायचे. खाली आणताना टेपनं मध्ये मिसळलेली खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. पहिला भाग कॉम्प्रेसर, दुसरा एक्स्पांडर, दोन्ही मिळून कम्पांडर. अटलांटिक ओलांडणाऱ्या रेडिओ-टेलिफोनवर ही युक्ती 1930च्या दशकातच वापरात होती.

बोलणं पोचवायला ती पुरली. संगीताला पुरेना. समजा, सगळाच आवाज सरसकट 2:1 प्रमाणात आवळला. 80 डेसिबलचे 40 झाले, टेपवर सहज मावले, वाजवताना पुन्हा 80. कागदावर सुरेख! पण एक्स्पांडर मोठा आवाज आला की दार उघडतो, आणि त्याच दारातून खरखरही आत शिरते. तार सप्तकातला मोठा सूर असेल तर तो तिला झाकून टाकतो. एकट्या डग्ग्याची थाप असेल तर नाही. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीत, खरखर वरच्या पट्टीत. कानाला दोन्ही वेगळे ऐकू येतात, आणि प्रत्येक थापेमागे एक सुस्कारा उमटतो. 1970च्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांनी डीबीएक्स पद्धतीत 2:1चाच मार्ग घेतला. खरखर तब्बल 30 डेसिबलनं दबली, पण हा सुस्कारा काही ठिकाणी उरलाच.

रे डॉल्बी यांनी वेगळी वाट धरली. (मिरवणुकीतल्या स्पीकरच्या ज्या भिंतींना आपण हे नाव दिलंय, त्यांचा इथे संबंध नाही.) हे अमेरिकन अभियंते 1963 ते 1965 युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते, आणि खरखरीचा प्रश्न त्याच काळात त्यांच्या डोक्यात घोळत होता. 1965मध्ये लंडनला जाऊन त्यांनी प्रयोगशाळा काढली. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या आवाजाला हात लावायचाच नाही, तो खरखरीला स्वतःच झाकतो. मुख्य आवाज जसाच्या तसा सरळ जाऊ द्यायचा. बाजूला एक छोटी वाट काढायची, तिच्यातून फक्त हळू आवाजाची वाढीव मात्रा घ्यायची आणि मुख्य आवाजात मिळवायची. 10 डेसिबलची उचल हवी, तर मूळ आवाजात त्याच्या 2.16 पट भर घालावी लागते. आवाज वाढला की बाजूची वाट आपोआप आवळते आणि तिची भर नगण्य होते. स्टुडिओसाठीच्या ‘डॉल्बी ए’मध्ये अशा चार वाटा होत्या, प्रत्येक वेगळ्या पट्टीसाठी. त्यामुळे डग्गा वाजला तरी वरच्या पट्टीचं दार बंदच राहतं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. वाजवताना ही भर वजा करायची. पण किती? मूळ आवाज तर आपल्याकडे नाही, असतो तो भर घातलेला. त्यावरून मूळ आवाज काढायला उलटं गणित करणारं वेगळं सर्किट लागेल, असं वाटतं. डॉल्बी यांनी बाजूच्या वाटेचं तेच सर्किट घेतलं आणि त्याला टेपचा आवाज न देता डीकोडरमधून, म्हणजे वाजवताना भर वजा करणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर पडणारा आवाज दिला. जे निघेल ते टेपच्या आवाजातून वजा. म्हणजे बाहेर पडणारा आवाज अधिक त्याची भर, ही बेरीज टेपवरच्या आवाजाइतकी व्हायलाच हवी. मुद्रण करताना मूळ आवाज अधिक त्याची भर, हीच बेरीज टेपवर गेली होती. तेव्हा बाहेर येतो तो मूळ आवाज. सर्किटला उत्तर काढावं लागत नाही, त्याला उत्तरावर स्थिरावण्यावाचून गत्यंतर नसतं.

एक अडचण वेळेची. बाजूची वाट किती आवळायची हे ठरवणारा विद्युतदाब आवाजातूनच काढतात आणि कपॅसिटरवर तो सपाट करतात. फार झटपट केला, तर 50 हर्ट्झच्या सुराच्या एकेका लाटेतच (ती 20 मिलिसेकंदांची असते) गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, हलतो आणि सूर खरवडला जातो. सावकाश केला, तर अचानक आलेला ठोका न आवळताच निसटतो. डॉल्बी यांनी बाजूच्या वाटेतच डायोड बसवून निसटणारा ठोका छाटला. ही छाटणी क्षणभराची, तीही छोट्या भरीची. मुख्य आवाजाला ओरखडा नाही.

1968मध्ये आलेली ‘डॉल्बी बी’ ही त्याचीच स्वस्त, घरगुती आवृत्ती. एकच वाट, फक्त वरच्या पट्टीसाठी. कॅसेट डेकवरचं तिचं बटण बंद करूनच अनेक जण गाणी ऐकत, कारण चालू केलं की आवाज मंद वाटे. बऱ्याचदा खोट टेपच्या हेडमध्ये असे. हेड किंचित तिरकं झालं की वरची पट्टी थोडी क्षीण येते. डीकोडर समजतो, हा मुळातच हळू आवाज, आणि तो आणखी खाली दाबतो. दोन डेसिबलची तूट मग त्याहून मोठी होऊन कानावर पडते. हेडशेजारचा बारीक स्क्रू थोडा फिरवला, की तेच बटण नीट काम करायला लागे.