गाडी कोणी हाकली?

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की सुमारे २६ किलोमीटरवर केळझर लागते. सेलू तालुक्यातले हे गाव. गावाजवळ टेकडी आहे, टेकडीवर जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष आहेत आणि गणपतीचे मंदिर आहे. विदर्भातील अष्टविनायकांत या गणपतीची गणना होते. त्यामुळे टेकडीवर माणसांची ये-जा असते. पडक्या किल्ल्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

याच रस्त्याने माझे आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. ते आमच्या गावचे कोतवाल. वाटेत बकासुराचा डोंगर लागला, एवढेच ते सांगत.

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी इथली आख्यायिका आहे. इथे बकासुर राहत होता, त्याला रोज एक माणूस द्यावा लागे, आणि भीमाने त्याला मारून गाव सोडवले. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातले एकचक्रा आणि बिहारमधले आरा हीही हाच मान सांगतात. तेव्हा खरी एकचक्रा कोणती, हा वाद आपण बाजूला ठेवू. शेकडो मैल दूरची गावे एकच गोष्ट स्वतःची म्हणून का सांगतात, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात बी.ए.चे विद्यार्थी घेऊन मी टेकडीवर गेलो. गोष्ट सांगून झाली. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, भीमाच्या आधी कोण कोण गेले?’

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन आदिपर्वातला बकवधाचा भाग पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आले की तो आपण नीट वाचलेलाच नव्हता.

तिथला बक नुसता माणसे खाणारा राक्षस नाही. तो नगरीचे परचक्रापासून रक्षण करतो आणि त्याचा मोबदला घेतो. गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा हा मोबदला. महाभारत त्याला ‘वेतन’ म्हणते. घराघरांवर पाळी येते. त्या प्रदेशाला राजाही आहे, पण तो दुबळा. रक्षणाच्या नावाखाली रयतेच्या घरातून धान्य, जनावर आणि माणूस वसूल होतो. ज्याने वेठबिगारी पाहिली, त्याला यात अद्‌भुत असे काही वाटणार नाही.

पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले, त्याच्यावर पाळी येते तेव्हा घरात आकांत होतो. नवरा, बायको, मुलगी, प्रत्येक जण ‘मी जातो’ म्हणतो. लहान मुलगा गवताची काडी उचलून राक्षसाला मारायला निघतो. कुंती हे रडणे ऐकते आणि भीमाला पाठवते. या आकांतातच तो ब्राह्मण एक वाक्य बोलून जातो. कुठून तरी माणूस विकत घ्यावा, तर आपल्याजवळ तेवढे धन नाही, असे तो म्हणतो.

म्हणजे ज्याच्याजवळ धन होते, त्याला माणूस विकत घेऊन पाठवता येत होता! मग तो विकत घेतलेला माणूस कोण? त्याच्या घरी रडणे झाले नसेल काय? झालेच असेल, पण ते ऐकायला त्या घरी कोणी कुंती उतरली नव्हती. म्हणून त्याचे नाव महाभारतात नाही आणि केळझरच्या टेकडीवरही नाही.

किल्ल्यांच्या कथांत बळी जाणारा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. पुरंदरच्या शेंद्री बुरुजाची आख्यायिका मुंबई गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. बुरुज टिकेना, म्हणून नाथनाक आणि देवकाई या नवरा-बायकोला पायात जिवंत पुरले, अशी ती कथा. ‘नाक’ने संपणारे नाव कोणत्या वस्तीतले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. कोरेगावच्या स्तंभावर अशी नावे कोरलेली आहेत. बुरुजाखालच्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणकथा उलटून वाचायला शिकवले. त्या वाटेने जाताना आपल्यातले काही मित्र बकासुरालाच आपला पूर्वज ठरवतात. राक्षस म्हणून हिणवले गेलेले सगळे आपले, हा आवेग मी समजू शकतो. पण या कथेत मला तो पटत नाही. बक हा वसुली करणारा आहे. भीम हा राजपुत्र आहे आणि तो निघून जाणार आहे. आपला माणूस या दोघांच्या मधे आहे. भाताची गाडी हाकत तो टेकडीकडे निघाला आहे आणि परत येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की मुलांना किल्ल्यावर जरूर न्या. राजाचे नाव सांगून झाले की दगड कोणी वाहिले, रात्री पहारा कोणी केला, पायात कोण गेले, हेही विचारा. उत्तर शिलालेखात सापडणार नाही. ते कदाचित मुलांच्या घरीच, म्हाताऱ्या माणसांजवळ असेल.

आजोबांना मी विचारले नाही. कोतवाल म्हणून कोणाकोणाची ओझी वाहिली, हे मला विचारायचे सुचले तोवर ते गेले होते. त्या विद्यार्थिनीची आजी अजून आहे. पुढच्या तासाला तिने वही भरून आणली आहे.