आपल्या वाट्याचे किरण झेलणारा ठोकळा

धामणगाव रेल्वे या गावात कुणाचा खोकला महिनाभर हटला नाही, की डॉक्टर सांगतात, "छातीचा फोटो काढून आणा." प्रकरण पुढचं असलं तर सीटी स्कॅनसाठी बडनेऱ्यावरून अमरावती, नाहीतर उलट दिशेनं सेवाग्राम. घरातली पाकिटं वाढत जातात. फोटो किती काढले ते मोजता येतं. अंगात किरण किती गेले ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

ते मोजायचं कसं? जिवंत माणसाच्या यकृतात मीटर खुपसता येत नाही. म्हणून त्याच्या जागी फॅन्टम ठेवतात. तुरीच्या वावरातल्या बुजगावण्यासारखाच हा बदली गडी. फरक एवढाच, की बुजगावणं पाखरांना माणूस वाटलं पाहिजे आणि फॅन्टम किरणांना.

सीटीचं फॅन्टम भरीव अ‍ॅक्रिलिकचं, जात्याच्या तळीसारखं गोल. डोक्यासाठी 16 सेंटीमीटर व्यासाचं, धडासाठी 32चं. मधोमध एक भोक, कडेला चार. एका भोकात पेन्सिलीसारखा लांबट मापक सरकवायचा, उरलेल्या चारांत अ‍ॅक्रिलिकच्या खुंट्या बसवायच्या. तिथं हवा राहिली तर हिशेब बिघडतो. किरण सोडायचे, आकडा टिपायचा, मापक पुढच्या भोकात. शेवटी मधल्या आकड्याचा एक तृतीयांश आणि कडेच्या सरासरीचा दोन तृतीयांश यांची बेरीज. समजा मध्ये 10 मिलिग्रे आले, कडेला 16. तर उत्तर 14. सीटीच्या पडद्यावर रुग्णाच्या नावापुढे दिसणारा डोस अशाच मोजणीवर उभा असतो. म्हणजे तो ठोकळ्याचा डोस, रुग्णाचा नव्हे.

'रँडो' नावाचा पुतळा माणसाच्या अधिक जवळचा. आत सांगाडा, आणि सगळं धड अडीच सेंटीमीटरच्या चकत्यांत कापलेलं. चकत्यांच्या भोकांत टीएलडी ठेवतात. हा पदार्थ किरणांची ऊर्जा धरून ठेवतो आणि तापवला की त्या प्रमाणात उजळतो. एक्स-रे तंत्रज्ञाच्या छातीवरच्या बिल्ल्यातही टीएलडीच असतं.

देशात एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे. मंडळ 1983 साली स्थापन झालं. निदानाच्या एक्स-रे यंत्राची गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी करावी, असा त्याचा दंडक आहे.

पण यंत्र चोख असलं तरी माणसं एका मापाची नसतात. पोटाच्या फोटोत दर तीन-चार सेंटीमीटर मांसाला किरण जवळपास निम्मे होतात. म्हणजे पोट चार सेंटीमीटरनं कमी जाड असेल, तर निम्म्या किरणांत काम भागतं. कापूस वेचणाऱ्या काटकुळ्या बाईला आणि गादीवरच्या शेठजींना एकच सेटिंग लावलं, तर बाईच्या अंगात फुकटचे किरण जातात. पूर्वी फिल्म काळी पडून ही चूक उघडी करायची. आता डिजिटल यंत्र फोटो आपोआप सुधारून देतं आणि चूक झाकली जाते.

घाबरून तपासणी टाळू नका. छातीच्या एका फोटोचा डोस साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट, निसर्गातून तेवढा आपल्याला तीन दिवसांत मिळतोच. छातीच्या सीटीचा मात्र 7च्या आसपास, म्हणजे जवळपास तीन वर्षांचा. म्हणून जुनी पाकिटं जपा, नव्या डॉक्टरांना आधी ती दाखवा. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा. ठोकळ्याला बोलता येत नाही, आपल्याला येतं.